तिसरं पाणी

भाजे गावात कस्तुराबाई केदारींच्या दारी कुणी दही मागायला गेलं, की त्या आधी विचारतात, "खायाला पायजे का विरजणाला?" खायला हवं असेल तर उरलं असेल तेवढं देतात. विरजणाला मात्र कधी नाही म्हणत नाहीत. त्यांच्या घरचं विरजण सासूच्या हातचं आहे. कालचं थोडं आजच्या दुधात, आजचं थोडं उद्याच्या, अशी ती ओळ तीस वर्षांत तुटलेली नाही. दह्याचं मडकं त्या बाहेरून घासतात, आतून मात्र कधी खरवडत नाहीत. "पार धुवून टाकलं तर दुधाला कळंल कसं, काय व्हायाचं ते?"

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढचं सगळं त्या मडक्यातून निघालं.

दोन म्हशी होत्या तोवर कस्तुराबाई शनिवारी-रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांखाली बसून दही-ताक विकत. गुडघे बोलायला लागले, चाऱ्याची ओढाताण झाली, म्हशी गेल्या. नवरा मारुती लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करतो, मुलगी पायल तळेगावला बी.कॉम.ला. घरात नुसतं बसवेना, म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्या नवलाख उंबरे गावातल्या एका प्रयोगशाळेत ठेकेदाराकडून लागल्या. 'झाडलोट आणि भांडी' एवढंच सांगितलं होतं. त्यांना वाटलं, चहाची भांडी.

भांडं निघालं एकच. तीन लिटरच्या कुकरएवढं, पण भिंती बोटभर जाड, झाकणाला बारा नट-बोल्ट आणि पोटाला एक गोल काच. त्या भांड्याची राखण करणारी मुलगी होती अमृता देशमाने. एकोणतीस वर्षांची, साताऱ्याची, तळेगावात एक खोली घेऊन एकटी राहणारी. पहिल्याच दिवशी कस्तुराबाईंच्या लक्षात आलं ते हे, की दुपारी दोन वाजता तिच्या आईचा फोन येतो, ही म्हणते "हो, जेवले," आणि डबा तसाच पिशवीत असतो.

"ताई, डबा?"

"खाते हो मावशी. एवढं एक सुरू होऊ दे."

ते 'एवढं एक' म्हणजे काय, हे अमृतानं त्यांना नीट समजावून सांगितलं. तिला समजावून सांगायला आवडायचं. नैसर्गिक गॅस साठवायचा तर प्रचंड दाबानं टाकीत कोंबावा लागतो, नाहीतर भयंकर थंड करून पातळ करावा लागतो. दोन्ही खर्चाचं आणि धोक्याचं. पण गॅस आणि पाणी एकत्र गार केलं, बेताचा दाब दिला, तर पाण्याचे कण गॅसभोवती बारीक बारीक पिंजरे बांधतात आणि सगळ्याचा बर्फासारखा गोळा होतो. बादलीभर गोळ्यात दीडशे बादल्यांहून जास्त गॅस मावतो. हवा तेव्हा वितळवावा, गॅस मोकळा. एकदा तिनं चमचाभर गोळा बशीत काढून काडी लावून दाखवली. बर्फ जळत होता आणि खाली पाणी होत होतं.

संध्याकाळी कस्तुराबाईंनी घरी सांगितलं, तर मारुती म्हणाला, "बर्फ जाळायची नोकरी लागली व्हय तुला? मंग आमच्या सायबाच्या फ्रीजला नको हात लावूस."

अडचण एकच होती. गोळा व्हायला सुरुवात कधी होईल, याचा नेम नव्हता. कधी दोन तास, कधी पाच, कधी दिवसभर काचेतून नुसतं पाणी दिसायचं. इतका वेळ लागला तर ही रीत कारखान्यात कोण वापरणार? म्हणून पाण्यात काहीतरी घालून ते काम घाईचं करायचं, हाच अमृताचा प्रयोग. आधी साबणाच्या जातीचं एक रसायन वापरून झालं होतं. त्यानं गोळा झटपट व्हायचा, पण गॅस सोडताना फेस, फेस आणि फेस. तो नळ्यांत शिरून बसायचा. आता ती ल्युसिन नावाची पांढरी भुकटी वापरत होती. डाळीत, दुधात असते तीच. तिचा फेस होत नाही.

"पर ही भुकटी करती काय आत?" कस्तुराबाईंनी विचारलं.

अमृता जरा थांबली आणि हसून म्हणाली, "मावशी, तुमच्या भाषेत सांगू? विरजणच समजा."

त्या मुलीनं हे किती सहज म्हटलं असेल! समोरच्या बाईला पटेल असा दाखला शोधला, एवढंच. पण कस्तुराबाईंनी तो शब्द जपून घरी नेला.

भांडं धुण्याचा नियम कडक होता. संध्याकाळी गॅस सोडून अमृता झाकण उघडून द्यायची, मग शुद्ध पाण्यानं तीनदा विसळायचं. "पहिलं पाणी आज जे झालं ते काढायला," अमृतानं शिकवलं होतं, "दुसरं राहिलेली भुकटी काढायला आणि तिसरं आपल्या खात्रीला." मग भिंतीवरच्या वहीत तारीख, 'किती वेळा' या रकान्यात 'तीन', आणि पुढे सही. सातवी शिकलेल्या कस्तुराबाईंना त्या सहीचा अभिमान होता. पायऱ्यांखाली दही विकताना त्यांची सही कुणी मागितली नव्हती.

दिवाळीनंतरचा एक आठवडा फार वाईट गेला. चार दिवस काचेतून दिवसभर पाणीच दिसत राहिलं, गोळा व्हायचा तो निघायच्या वेळेला. शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख, सोमाटण्याचे डॉ. प्रज्ञेश ओव्हाळ येऊन गेले. शांत माणूस, रागावले नाहीत. मार्चपर्यंतच पैसे आहेत, एवढं म्हणून गेले. अमृता भांड्याकडे पाठ करून बसली. आईचा फोन आला, "हो, जेवले," म्हणाली आणि फोन ठेवून रडली. कस्तुराबाई दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. आत जावं की जाऊ नये, कळेना. परक्या गावात एकटं राहणारं लेकरू ते. आपली पायल उद्या अशीच कुठंतरी बसली असेल.

त्या संध्याकाळी भांडं धुताना त्या थबकल्या. विरजण म्हणते ही, आणि रोज भांडं तीन पाण्यांनी पार कोरडं करते. लागेल कसं? त्यांनी जुनं पाणी पाववाटी बाजूला काढून ठेवलं. दोनदा भांडं विसळलं. तिसऱ्या पाण्याच्या जागी ते पाववाटी परत आत घातलं आणि झाकण लावलं; सकाळी नवं पाणी नळीनंच आत जायचं, झाकण कुणी उघडत नसे. वहीत 'तीन' लिहिलं, सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पाणी, कालच्यापेक्षा थोडी जास्त भुकटी, गॅस. पंचवीस मिनिटांत काच पांढरी झाली.

अमृतानं ओरडून सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी तिनं पूर्ण डबा खाल्ला, कस्तुराबाईंच्या भाकरीतली अर्धीही घेतली. तिसऱ्या दिवशी बावीस मिनिटं. पुढं वीस. कस्तुराबाई रोज पाववाटी ठेवत गेल्या. कुणाला सांगितलं नाही. आपल्या हाताचा गुण असा बोलून दाखवायचा नसतो, असं त्यांना वाटे. 'तीन' लिहिताना पहिले दोन-चार दिवस हात अडखळला, मग अडखळेनासा झाला.

एकच गोष्ट विचित्र होती. सोमवारी गोळा व्हायला फार वेळ लागायचा. मंगळवार ते शनिवार वीस-पंचवीस मिनिटं आणि सोमवारी दोन-दोन तास. सगळे हसायचे. "सोमवारी गॅससुद्धा उपास धरतो," अमृता म्हणायची. प्रज्ञेश सरही हसायचे. कस्तुराबाईही हसायच्या, आणि मनात म्हणायच्या, रविवारी शिळं झालं असेल.

जानेवारीत ठरलं, की मुंबईच्या एका कंपनीची माणसं शेवटच्या शुक्रवारी बघायला येणार. पसंत पडलं तर शंभर लिटरचं मोठं भांडं होणार, अमृताचं काम आणखी तीन वर्षं चालणार. त्याच आठवड्यात कस्तुराबाईंच्या नणंदेचं, कामशेतच्या धोंडाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या आधीच्या शनिवारपासून चार दिवसांची सुट्टी घेऊन गेल्या. त्यांच्या जागी उंबऱ्याची सारिका आली. ती पोरगी कामाला चोख. सांगितलं तसं, तीन म्हणजे तीन.

बुधवारी संध्याकाळी धोंडाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालता घालता कस्तुराबाईंनी अमृताला फोन लावला, सहज, काय चाललंय म्हणून.

"मावशी, काही खरं नाही," तिकडून आवाज आला तो बसलेला. "तिन्ही दिवस सोमवार झाले. दोन तास, सव्वादोन तास. आज तर तीन. भुकटीची नवी बाटली उघडली होती, ती परत बदलली. गॅस बदलला. दाबमापक तपासला. परवा ती माणसं येणार आणि मला कळतच नाहीये काय बिघडलंय!"

"जेवलीस का?"

"हो, जेवले."

कस्तुराबाईंनी फोन ठेवला. काय बिघडलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बिघडलं काहीच नव्हतं. तीन दिवस भांडं नीट धुतलं गेलं होतं.

त्या रात्रीचं जेवण सोडून शेवटच्या गाडीनं घरी आल्या. पायल अभ्यासाला बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"मग त्यात काय एवढं?" पायल म्हणाली. "उद्या जा, पाववाटी ठेव. शुक्रवारी वीस मिनिटांत होईल. माणसं खूश, ताई खूश. कुणाला कळणारे?"

"आणि मोठं भांडं आल्यावर? तितं कोन ठेवणार पाववाटी?"

"तू."

"मी काय जन्माला पुरणार हाय का तिला? अगं, ती समजती भुकटीनं झालं. लोकांम्होरं तेच सांगणार ती. कागदावर छापणार. मंग एक दिवस दुसऱ्या कुणी तीनदा धुतलं की हिची अब्रू जाणार. आजच्यासारखी. पर तवा सगळ्या मुंबईपुढं."

पायलनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "आई, काढून टाकतील तुला."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या. नोकरी जाईल याची भीती त्यांना होतीच. पण ती दुसरी. पहिली भीती ही, की जी पोरगी आपल्याला मावशी म्हणते ती उद्यापासून म्हणणार नाही.

गुरुवारी त्या अर्धा तास आधीच पोचल्या. अमृता काल रात्री घरी गेलीच नव्हती की काय, असं तिच्या डोळ्यांकडे पाहून वाटत होतं.

"ताई, जरा बोलायचं व्हतं."

"मावशी, आज नको हं. सुट्टीचं असेल तर सरांना..."

"भांड्याचं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. विरजणापासून पाववाटीपर्यंत, एका दमात, मान खाली घालून.

"कधीपासून?" अमृतानं विचारलं.

"दिवाळी झाल्यापास्नं. तू रडली व्हतीस त्या दिवसापास्नं."

"दिवाळीपासून! मावशी, एक्केचाळीस प्रयोग झालेत. एक्केचाळीस!" ती उठली, भिंतीवरची वही ओढून काढली. "हे बघा. तीन. तीन. तीन. तीन. ही तुमचीच सही ना? रोज खोटं लिहिलंत? माझ्यासमोर?"

"तुझ्या भल्यासाठी..."

"माझ्या भल्यासाठी असं काही करू नका!" ती ओरडली. बाहेरून सारिका डोकावली आणि तशीच मागे गेली. "मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगितलं होतं. तीनदा. फक्त तीनदा. तेवढंही..." तिनं वही टेबलावर आपटली.



प्रज्ञेश सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कस्तुराबाईंना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "शनिवारीसुद्धा ठेवायचात का हो पाणी?"

"व्हय सर. रोज."

"अमृता, शनिवारी संध्याकाळी गार करणारं यंत्र कोण बंद करतं?"

"मीच, सर. वीज वाचते म्हणून." आणि बोलता बोलता ती थांबली. "सोमवार," ती म्हणाली.

"सोमवार," सर म्हणाले.

मग त्यांनी कस्तुराबाईंनाही कळेल असं सांगितलं. एकदा गोळा झालेलं पाणी वितळलं, तरी फार ऊब लागेपर्यंत त्याला आधीची जणू आठवण राहते. ते पुन्हा लवकर गोठतं. हे शास्त्रातल्या लोकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणूनच तर तीन पाण्यांचा नियम. आठवड्यात भांडं रात्रभर गार असायचं, पाववाटीतल्या पाण्याला आठवण असायची. रविवारी यंत्र बंद, पाणी कोमट, आठवण पुसली. सोमवारी उरायची ती एकटी भुकटी.

"म्हंजी रविवारी शिळं न्हाई झालं, इसरलं," कस्तुराबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

सर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "मावशी, तुम्ही पाणी ठेवलंत ते चुकलं. खोटं लिहिलंत ते जास्त चुकलं. त्याची चौकशी ठेकेदाराकडून होईल, मला ती थांबवता येणार नाही." मग अमृताकडे वळून म्हणाले, "पण सोमवार दोन महिने आपल्या डोळ्यांसमोर होता. आपण त्यावर विनोद करत बसलो. त्याची चौकशी कुणी करायची?"

शुक्रवारी मुंबईची माणसं आली. अमृतानं खरं तेच सांगितलं: सुरुवातीच्या वेळेचे आमचे आकडे धरू नका, भांडं धुण्यात चूक झाली होती. कुणाचं नाव तिनं घेतलं नाही. 'चूक झाली' म्हणाली. नीट धुतलेल्या भांड्यातले चार दिवस आणि सगळे सोमवार तेवढे दाखवले. त्यात भुकटीनं सुरुवात दोन-तीन तासांत होत होती. वीस मिनिटांत नाही, पण भुकटी नसताना लागायच्या त्या पाच तासांपेक्षा बरी. आणि एकदा सुरू झालं की गोळा भराभर वाढत होता. जुनं पाणी असो नसो, ती वाढ तशीच होती. ती भुकटीचीच होती. माणसांनी ऐकून घेतलं, सगळं पुन्हा करून दाखवा म्हणाली, पावसाळ्यानंतर बघू म्हणाली. मोठ्या भांड्याचं तेव्हा. अमृताला सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. तीन वर्षं नाहीत.

ठेकेदाराचं पत्र आलं. पायलनं वाचून दाखवलं: कामात हलगर्जीपणा केल्याबद्दल ताकीद देण्यात येत आहे, पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

"हलगर्जीपणा न्हाई केला मी," कस्तुराबाई म्हणाल्या. "लय मन लावून केलं. तेच तर चुकलं."

मारुतीनं पत्र घडी करून डब्यात ठेवलं. "ऱ्हावू दे," म्हणाला. "सरकारी शिक्का न्हाई त्याच्यावर." एवढं बोलून तो बाहेर गेला, पण त्या संध्याकाळी त्यानं स्वतः चहा केला.

कामावर त्या जात राहिल्या. फरशी पुसायची, बाटल्या धुवायच्या. भांडं मात्र आता असं धुतलं जाई: पहिली दोन पाणी कस्तुराबाईंची, मग अमृता हातमोजे चढवून येई, तिसरं पाणी स्वतः घाली, स्वतः ओती, वहीत स्वतः लिही. बोलणं कामापुरतं. "कस्तुराबाई, झाकण." "कस्तुराबाई, फडकं." मावशी हा शब्द त्या खोलीतून उठून गेला होता. फेब्रुवारी सरला. दुपारी दोनला फोन येई, "हो, जेवले." कस्तुराबाई फडकं पिळत राहत. डबा खाल्ला का, हे विचारायचा आपला हक्क गेला असं त्यांनी धरून टाकलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सोमवारी भांड्यात दुपारी गोळा झाला. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मंगळवारी एक तास बावन्न. बुधवारी पुन्हा एक अठ्ठेचाळीस. सोमवार आणि बुधवार पहिल्यांदाच सारखे आले होते. अमृता काचेपुढे उभी राहून वहीतले तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या आकड्याला टाळ्या नसतात.

फोन वाजला.

"नाही गं आई," अमृता म्हणाली, "अजून नाही जेवले. आता जेवते." मग थोडं ऐकून, "खरंच जेवते. इथं माणसं आहेत ना बघायला."

कस्तुराबाईंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी गॅस सोडला, झाकण उघडलं. कस्तुराबाईंनी पहिलं पाणी घातलं, फिरवलं, ओतलं. दुसरं घातलं, ओतलं. मग सवयीनं भांड्यापासून दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. अमृता टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. हातमोजे खुंटीलाच होते.

"ताई, झाली दोन."

"हं."

"तिसरं ऱ्हायलंय."

"मग घाला की, मावशी," अमृता लिहिता लिहिताच म्हणाली. "मी आकडे उतरवतेय."

कस्तुराबाईंनी बाटली उचलली. पाणी भांड्याच्या कडेनं फिरवून आत सोडलं, तळापर्यंत नेलं, काचेच्या खाचेत बोटभर फडकं घातलं, आणि सगळं, शेवटचा थेंबसुद्धा, बाहेर ओतलं. भांडं पालथं घालून थोडा वेळ निथळू दिलं. मग वहीपाशी गेल्या. पदराला ओले हात पुसून पेन घेतलं. तारीख घातली. 'किती वेळा' या रकान्यापाशी थांबून मनातल्या मनात मोजलं: एक, दोन, तीन.

'तीन' लिहिलं, आणि सही केली.